टेड वॉशिंग्टनचं करिअर आणि ‘आधी-नंतर’चा मोह

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणसंबंध नव्हे’ हे वाक्य सगळेच लिहितात आणि त्याचे मार्कही मिळतात. पण समोर एखादी रंगतदार गोष्ट आली, आकडेही तिच्या बाजूचे निघाले, की हेच वाक्य आपण खुशाल विसरतो. म्हणून आज एक रंगतदार गोष्टच घेऊ या आणि तिची नीट तपासणी करू या. गोष्ट टेड वॉशिंग्टन या अमेरिकन फुटबॉलपटूची आहे.

१९९१ ते २००७ असे सतरा सीझन तो एनएफएलमध्ये खेळला, तेही सात संघांकडून. अशा फिरत्या खेळाडूला तिकडे ‘जर्नीमन’ म्हणतात. त्याच्याकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा स्कोअरशीट बघणाऱ्यांची: आकडे बेताचे, एका ठिकाणी टिकला नाही, म्हणजे बरा होता इतकंच. दुसरी तऱ्हा जाणकारांची: हा माणूस जिथे गेला तिथला बचाव उभा राहिला, तो गेला की कोसळला, फक्त कागदावर त्याचं नाव दिसत नाही.

दुसरं मत आपल्याला लगेच आवडतं. दुर्लक्षित माणसाला न्याय मिळतोय असं वाटतं. पण न्याय द्यायचा तर पुरावा तपासूनच द्यायला हवा, नाहीतर उद्या कोणीतरी एक उलटा आकडा दाखवेल आणि त्या माणसाचं खरं कामही त्याबरोबर वाहून जाईल. आजचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

आधी खेळ, थोडक्यात

अकरा विरुद्ध अकरा. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. आक्रमणाच्या बाजूने पाच धिप्पाड लाइनमन ओळीत उभे असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर चेंडू पायांतून मागे देतो. मग या पाच जणांनी ढकलाढकली करून केलेल्या फटीतून रनिंग बॅक चेंडू घेऊन पळतो, किंवा क्वार्टरबॅक पास फेकतो.

बचावात सेंटरच्या अगदी नाकासमोर उभा असतो तो नोज टॅकल. वॉशिंग्टनची ही जागा. त्याचं नोंदलेलं वजन ३६५ पौंडांच्या आसपास, म्हणजे दीडशे किलोंच्याही वर. त्याचं काम ‘टू-गॅप’ पद्धतीचं. एक फट निवडून त्यात घुसायचं नाही. सेंटरला छातीवर पेलून त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही फटी बंद ठेवायच्या. एकट्या सेंटरला तो आवरत नसेल तर गार्डलाही मदतीला यावं लागतं. आता साधा हिशोब करा. एकाला आवरायला दोघे लागले, म्हणजे मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरला अडवायला एक माणूस कमी पडला. लाइनबॅकर मोकळा धावत येतो आणि रनिंग बॅकला पाडतो. या पाडण्यालाही टॅकलच म्हणतात, आणि तो टॅकल लिहिला जातो लाइनबॅकरच्या नावावर.

म्हणजे नोज टॅकलने काम जितकं चोख केलं, तितकी नोंद दुसऱ्याच्या खात्यात जास्त. ही यंत्रणा डोक्यात पक्की ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मोजमाप कशाचं चाललंय?

बचावपटूचे दोन आकडे लोक पहिल्यांदा बघतात: टॅकल आणि सॅक. सॅक म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं. खेळाडूच्या नावावर त्याची अधिकृत नोंद १९८२ पासून होते. सतरा सीझन मिळून वॉशिंग्टनच्या नावावर चाळीससुद्धा सॅक नाहीत. बफलो बिल्समध्ये १९९५ ते १९९९ त्याच्याच ओळीत खेळणाऱ्या ब्रूस स्मिथच्या नावावर कारकिर्दीत २०० सॅक आहेत, आणि तो एनएफएलचा विक्रम आहे. या दोन आकड्यांची तुलना करणं म्हणजे मुकादमाला ‘तू विटा किती रचल्यास?’ असं विचारण्यासारखं. स्मिथ कडेला खेळायचा, त्याचं कामच क्वार्टरबॅकपर्यंत पोचणं. वॉशिंग्टनचं काम जागेवरून न हलणं.

टॅकलच्या आकड्यात आणखी एक गोम आहे. धाव एका यार्डावर थांबली काय किंवा आठ यार्डांवर, नोंद एकच: एक टॅकल. शिवाय दोघांनी मिळून पाडलं तर कोणाला किती श्रेय, हे मैदानावर बसलेला नोंदणारा ठरवतो. नंतर फिल्म बघून प्रशिक्षकांनी केलेली मोजणी वेगळी निघते. मेथडॉलॉजीच्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रश्न वैधतेचा आहे (आपल्याला जे मोजायचंय तेच मोजतोय का?) आणि दुसरा विश्वसनीयतेचा (दोन मोजणाऱ्यांचं उत्तर एकच येतं का?). परीक्षेत या दोन व्याख्यांची गल्लत करू नका. हे उदाहरण आठवलं तर होणारही नाही.

शिकागो बेअर्सचा लाइनबॅकर ब्रायन अर्लाकर बघा. २००१ मध्ये बेअर्सचा बचाव लीगमधला सर्वांत कंजूष होता. २००२ मध्ये संघ पार ढासळला, आणि त्याच वर्षी अर्लाकरचे टॅकल आधीच्या वर्षापेक्षा वाढले. प्रतिस्पर्धी जास्त वेळा धावत आले, जास्त आत आले, तर कोणीतरी त्यांना पाडणारच. टॅकलची संख्या बचावाच्या गुणवत्तेबरोबर संधीचंही मोजमाप करते, आणि कधीकधी नुसत्या संधीचंच.

म्हणजे पहिलं मत निकालात निघालं. आकडे बेताचे असल्यावरून वॉशिंग्टनबद्दल काहीच ठरत नाही. पण ‘काहीच ठरत नाही’ म्हणजे ‘तो महान होता’ असंही नाही. बरेच जण नेमकी इथेच उडी मारतात.

शिकागो: पुरावा फारच गोड

दुसऱ्या मताचा सर्वांत भक्कम आधार शिकागो. २००१ मध्ये बिल्स पगारमर्यादेच्या कोंडीत सापडले होते. त्यांनी वॉशिंग्टनला सोडलं आणि बेअर्सनी घेतलं. आता आकडे (आधी जिंकलेले सामने, मग हरलेले, सीझन सोळा सामन्यांचा):

२०००, तो नसताना: ५–११, प्रतिस्पर्ध्यांना दिलेले गुण ३५५.
२००१, तो असताना: १३–३, दिलेले गुण २०३.
२००२, पायाच्या दुखापतीने तो जवळपास सगळा सीझन बाहेर: ४–१२, दिलेले गुण ३७९.

आला, सुधारलं, गेला, बिघडलं. मी जीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे याला जवळजवळ स्वप्नातला निकाल म्हणतील: जनुक घातलं तर गुणधर्म दिसतो, काढलं तर नाहीसा होतो. असा आलेख सेमिनारमध्ये दाखवला की लोक माना डोलावतात.

आता मान न डोलावता तीन प्रश्न विचारा.

पहिला: त्याच वेळी आणखी काय बदललं? २००१ मध्ये वॉशिंग्टन एकटा आला नाही. कीथ ट्रेलर हा दुसरा अवाढव्य टॅकलही त्याच वर्षी आला. अर्लाकर दुसऱ्या वर्षात होता, म्हणजे तसाही पिकत होता. २००२ मध्ये तर घरचं मैदानच नव्हतं: सोल्जर फील्डचं नूतनीकरण चालू होतं आणि ‘घरचे’ सामने शिकागोपासून दोनशे किलोमीटरहून लांब शँपेनला खेळले गेले.

दुसरा: ज्यावर त्याचा परिणाम व्हायला नको, तेही बदललं का? याला निगेटिव्ह कंट्रोल म्हणतात, आणि माझ्या मते या गोष्टीवरचा सर्वांत चांगला इलाज हाच. वॉशिंग्टन बचावात खेळायचा. आक्रमण चालू असताना तो बाकावर. तरी बेअर्सनी स्वतः केलेले गुण २००० मधल्या २१६ वरून २००१ मध्ये ३३८ वर गेले, आणि २००२ मध्ये पुन्हा २८१ वर आले. चांगला बचाव आक्रमणाला सोपी जागा मिळवून देतो, काही गुण तर बचावच मिळवतो, हे मान्य. पण नवा रनिंग बॅक अँथनी थॉमस त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला, त्याचं श्रेय नोज टॅकलला कसं द्यायचं? संपूर्ण संघच वर गेला आणि संपूर्ण संघच खाली आला, असं चित्र आहे.

तिसरा: नशिबाचा वाटा किती? २००१ मध्ये बेअर्सनी लागोपाठ दोन सामने जादा वेळेत जिंकले, दोन्ही वेळा माइक ब्राउनने प्रतिस्पर्ध्याचा पास मधल्यामध्ये पकडून थेट टचडाउन केला म्हणून. असे दोन चेंडू इकडे-तिकडे उडाले असते तर १३–३ चे ११–५ झाले असते. सोळा सामने हा नमुना फार लहान. टोकाच्या वर्षानंतरचं वर्ष सरासरीकडे झुकणारच, मग नाकासमोर कोणीही उभा असो. रिग्रेशन टू द मीन हे प्रकरण तुम्ही सूत्रासकट वाचलं असेल. ते दिसतं कसं, तर असं.

न्यू इंग्लंड: जनुक काढलं, काही बिघडलंच नाही

२००३ च्या सीझनआधी न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ड्राफ्टमधली एक निवड देऊन वॉशिंग्टनला घेतलं. आदल्या वर्षी धावा रोखण्यात ते ३२ संघांत ३१वे होते, दिलेले गुण ३४६. २००३ मध्ये धावा रोखण्यात चौथे, दिलेले गुण २३८ (लीगमध्ये सर्वांत कमी), सामने १४–२, आणि शेवटी कॅरोलायना पँथर्सना ३२–२९ ने हरवून सुपर बोल. त्याचं हे एकमेव विजेतेपद. गोष्ट सांगणारे इथे थांबतात.

आपण थांबायचं नाही. सीझनच्या तिसऱ्या सामन्यात वॉशिंग्टनचा पाय मोडला आणि तो सहा सामने बाहेर होता. त्या सहा सामन्यांत संघ किती हरला? एक. आणि सीझनमधली दुसरी हार? पहिल्याच सामन्यात बफलोकडून ३१–०, तेव्हा वॉशिंग्टन मैदानात होता. पुढच्या वर्षी तो संघ सोडून गेला. २००४ मध्ये पेट्रियट्स पुन्हा १४–२, दिलेले गुण २६०, पुन्हा सुपर बोल.

शिकागोचा निकाल तुम्ही पुरावा म्हणून घेतलात, तर हा निकालही घ्यावा लागेल. एक घ्यायचा आणि दुसरा ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारायचा, हे चालणार नाही. व्हायवाला बसलेला परीक्षक नेमकं हेच पकडतो.

मग वॉशिंग्टनचा उपयोग नव्हता का? असंही नाही. नॉकआउट प्रयोगात जनुक काढलं आणि काही बदल दिसला नाही, तर ‘जनुक निरुपयोगी’ असा निष्कर्ष पहिल्या वर्षाचा विद्यार्थीच काढतो. कदाचित दुसऱ्या जनुकाने ते काम उचललं असेल. पेट्रियट्सकडे रिचर्ड सेमूरसारखे लाइनमन होते, रॉडनी हॅरिसनसारखा सेफ्टी त्याच वर्षी आला होता, प्रशिक्षक बिल बेलिचिक डावपेच बदलण्यात तरबेज. २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या जागी त्यांनी काय केलं ते बघा: शिकागोतला त्याचा जोडीदार ट्रेलर आणला आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत, २१व्या क्रमांकावर, व्हिन्स विल्फोर्क नावाचा तरुण नोज टॅकल घेतला. जागा महत्त्वाची आहे हे त्यांना मान्य होतं. ती जागा एकच माणूस भरू शकतो, हे मान्य नव्हतं. या दोन विधानांतला फरक लक्षात ठेवा, कारण प्रबंधाच्या ‘चर्चा’ प्रकरणात बहुतेकांचा पाय इथेच घसरतो.

ओकलंड आणि क्लीव्हलंड: जे कोणी सांगत नाही

२००४ आणि २००५ मध्ये तो ओकलंड रेडर्सकडे होता. तो येण्याआधी संघ ४–१२. तो आल्यावर ५–११ आणि ४–१२. २००४ मध्ये त्यांनी ४४२ गुण दिले. शेवटची दोन वर्षं क्लीव्हलंड ब्राउन्स: आधीचं वर्ष ६–१०, मग ४–१२, मग १०–६. या चार वर्षांचा कोणताही सरळ अर्थ लागत नाही. वय हे एक कारण सांगता येईल. २००४ मध्ये तो ३६ वर्षांचा होता. पण निकाल अनुकूल आला की श्रेय त्याचं, प्रतिकूल आला की दोष वयाचा, असं ठरवून टाकलं तर आपलं गृहीतक कधी खोटं ठरूच शकणार नाही. आणि खोटं ठरू न शकणारं गृहीतक तुमच्या गाइडला चालेलही कदाचित, विज्ञानाला चालत नाही.

मग हातात काय उरतं?

बरंच उरतं, फक्त ते विजय-पराजयाच्या तक्त्यात नाही.

एक, यंत्रणा. एका माणसाने दोघांना अडकवलं तर मागचा मोकळा होतो, हे फिल्मवर प्रत्येक प्रयत्नात बघता येतं. त्यासाठी संघ जिंकावा लागत नाही.

दोन, जाणकारांचा निर्णय. चार वेळा प्रो बोल (१९९७, १९९८, २०००, २००१) आणि २००१ मध्ये ऑल-प्रो. टॅकल-सॅकच्या ढिगाशिवाय ही निवड झाली, म्हणजे निवडणाऱ्यांना वेगळं काहीतरी दिसत होतं. त्याहून बोलका पुरावा नोकरीचा. रेडर्सचा बचाव २००४ पासून सांभाळणारा रॉब रायन आणि २००५ पासून ब्राउन्सचा मुख्य प्रशिक्षक झालेला रोमियो क्रेनेल, हे दोघेही २००३ मध्ये न्यू इंग्लंडच्या प्रशिक्षकवर्गात होते. त्याला रोज जवळून बघितलेल्या माणसांनी, पस्तिशी उलटल्यावरही, आपल्या संघात जागा दिली. हा पुरावा चांगला आहे, पण दोन प्रशिक्षक म्हणजे दोन स्वतंत्र साक्षीदार असं समजू नका. दोघांनी एकाच ठिकाणी, एकाच वर्षी त्याला बघितलं होतं. दोन पेपर एकाच लॅबमधून आले असतील तर त्याला पुनरावृत्ती म्हणत नाहीत, तसंच हे.

तीन, योग्य प्रश्न विचारता येतो. ‘संघ जिंकला का?’ ऐवजी ‘तो मैदानात असताना मधल्या फटींतून प्रत्येक धावेला सरासरी किती यार्ड मिळाले, आणि नसताना किती?’ असं विचारा. त्यात प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि प्रयत्नाचा क्रमांक धरा. सोळा सामन्यांऐवजी हजारभर प्रयत्न हाती येतात. २०१० च्या दशकाच्या मध्यापासून एनएफएलच्या खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये ट्रॅकिंग चिप असते, त्यामुळे कोण कोणाला अडकवतंय हे आता मोजताही येतं. वॉशिंग्टनच्या काळात ती नव्हती. त्याच्याबद्दलचं आपलं ज्ञान अपुरं आहे ते यामुळे, त्याचं काम अपुरं होतं म्हणून नव्हे.

‘जर्नीमन’ या शिक्क्याबद्दल

हा शब्द मुळात युरोपातल्या कारागिरांचा: उमेदवारी संपली आहे, उस्ताद झालेला नाही, रोजावर काम करणारा. खेळात त्याचा अर्थ झाला ‘कुठेच न टिकलेला’. पण वॉशिंग्टन एका संघात सलग सहा वर्षं होता, १९९५ ते २०००. तिथून तो निघाला तो पगारमर्यादेच्या गणितात. एनएफएलमध्ये खेळाडूंना मोकळेपणाने संघ बदलायची मुभा १९९३ मध्ये आली आणि संघाच्या एकूण पगारावर मर्यादा १९९४ मध्ये. त्याची फिरस्ती सुरू झाली तीही १९९४ मध्येच, जेव्हा सॅन फ्रान्सिस्कोने त्याला डेन्व्हरला दिलं. व्यवस्थेचा गुणधर्म व्यक्तीच्या नावावर चिकटवायचा, ही चूक फक्त क्रीडापत्रकार करतात असं नाही. तीन पोस्टडॉक केलेल्या माणसाच्या बायोडेटाकडे निवड समिती कशी बघते, ते तुम्हाला लवकरच कळेल.

आणि हो, लाइनबॅकर अर्लाकर २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. वॉशिंग्टन तिथे नाही. यावरून अन्याय झाला असं मी म्हणणार नाही, कारण तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. इतकंच म्हणेन की ज्या कामाची नोंद ठेवायला रकानाच नव्हता, त्या कामाचं मूल्य शून्य लिहिणं चूक आणि अनंत लिहिणंही चूक. रकाना रिकामा असेल तर तो रिकामा आहे असं लिहायचं, आणि मग तो भरायची पद्धत शोधायची. पीएचडीचं बरंचसं काम याच दुसऱ्या वाक्यात येतं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या गृहीतकाखाली एक ओळ मोकळी सोडा आणि तिथे लिहा: ‘अमुक दिसलं तर मी हे गृहीतक सोडून देईन.’ ‘वॉशिंग्टनमुळे संघ जिंकतात’ म्हणणाऱ्याने ही ओळ आधी लिहिली असती, तर २००३ चे ते सहा सामने त्याला स्वतःच शोधावेसे वाटले असते. तुमची ओळ काय आहे ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या वेळी त्यातल्या दोन-तीन घेऊन बोलू.